बोगद्यातली हाळी

"हाय, हितं हाय म्या. काय काम होतं?"

दौंडच्या स्टेशनाजवळच्या भुयारी मार्गातून तुम्ही मधल्या काही वर्षांत गेला असाल आणि भिंतीवरच्या चित्राला सहज हात लावला असेल, तर हा प्रश्न कदाचित तुम्हालाही विचारला गेला असेल. विचारणारे गृहस्थ चित्राच्या शेजारीच उकिडवे बसलेले असायचे. भिंतीतून हाळी उठली की गुडघ्यावर हात रेटून उभे राहायचे, डोक्यावरचं मुंडासं सारखं करायचे आणि हात लावणाऱ्याच्या समोर येऊन थांबायचे. बहुतेक लोक दचकायचे. कोणी "काही नाही, सहज" असं पुटपुटून काढता पाय घ्यायचे.

"सहज कशाला कुनाला बोलवायचं?" असं म्हणून ते पुन्हा आपल्या जागी जाऊन बसायचे.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. नात्यागोत्याचा काही संबंध नाही. आमच्याकडे पांढऱ्या मिशांच्या माणसाला मामा म्हणायला नातं लागत नाही.

माझं दौंडात स्पीकर-लायटिंगचं दुकान आहे. हळद असो, वाढदिवस असो, नाहीतर पुढाऱ्याची सभा, आवाज आमचा. त्यामुळे पुण्याहून चित्रकार मुलंमुली बोगदा रंगवायला आली, तेव्हा वायरिंगला त्यांनी मलाच धरलं. बोगदा म्हणजे रुळांखालून पलीकडे जायची पायवाट. तोवर तिथे पानाच्या पिचकाऱ्या आणि क्लासच्या जाहिराती एवढीच काय ती कला होती. मुलांनी दोन्ही भिंती घासून पुसून त्यावर आमचा तालुका काढला. गुऱ्हाळ, कांद्याची काढणी, शेवंतीचे तोडे, जुनं कोळशाचं इंजिन. खरी गंमत पुढे होती. प्रत्येक चित्रात कुठेतरी पितळी पट्टी बसवलेली होती आणि तिच्यावर हात ठेवला की चित्र बोलायचं. गुऱ्हाळाच्या काहिलीला हात लावा, उसाचा रस रटरटायचा. इंजिनाला लावा, शिट्टी वाजायची. फुलवालीला लावा, "घ्या वो ताई, आत्ताच तोडून आनल्यात!" ही फुलवाली केडगावची, अगदी खरी. रोज सकाळी पाटी घेऊन बोगद्यातून जाताना ती स्वतःच्याच चित्राला हात लावायची आणि स्वतःचाच आवाज ऐकून हसत सुटायची.

पलीकडच्या तोंडाच्या जरा अलीकडे, जिथे ऊन कधी पोचत नाही अशा जागी, मेंढरांचा कळप काढला होता. सगळ्यांत पुढे खांद्यावर काठी टाकलेला माणूस, आपल्याकडे पाठ करून चाललेला. पहिल्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला की मेंढरांना बोलवायची हाळी उठायची. आवाज मामांचा.

ती हाळी मला कागदावर उतरवता येणार नाही. तिच्यात शब्द नव्हतेच. आधी टाळूला जीभ लावून काढलेला एक आवाज, मग घशातून निघालेला लांब सूर. तो चढत जायचा आणि वर कुठेतरी अचानक थांबायचा, उत्तराची वाट बघितल्यासारखा. आवाजाच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. चांगले-वाईट सगळे गळे ऐकून कान किटले आहेत. पण ह्या आवाजाने भर दुपारी, भोवती माणसांची वर्दळ असताना माझ्या अंगावर काटा यायचा.

मामा राहू गावाकडच्या एका वस्तीवर राहायचे. घराणं मेंढपाळांचं. आता मुलगा ऊस आणि कांदा करतो, दारात ट्रॅक्टर उभा आहे आणि मेंढरू म्हणाल तर औषधालाही नाही. उद्घाटनाला बापलेक दोघे आले होते. मामांनी हार घालून घेतला, चित्रातल्या स्वतःच्या पाठीशेजारी उभं राहून फोटो काढला. सगळं हसतखेळत चाललं होतं. तेवढ्यात कोणा पाहुण्याने मेंढीला हात लावला आणि हाळी उठली.

मामांनी हातातला चहा खाली ठेवला. वळून बोगद्याच्या त्या टोकाकडे बघत राहिले, कोणी येतंय का हे बघावं तसे.

"हे एकदाच वाजनार ना?" त्यांनी मला विचारलं.

"नाही मामा. हात लावला की दर वेळी."

"आन् म्या घरी असलो तर?"

"तरी वाजणार की! तीच तर गंमत आहे."

मामांना त्यात काही गंमत दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते बोगद्यात हजर झाले आणि मेंढरांच्या शेजारी बसले. त्यानंतर रोजच.

लोकांना आधी वाटलं, म्हाताऱ्याला राखणीला ठेवलंय. कॉलेजच्या एक बाई मुली घेऊन आल्या. मामा समोर येऊन उभे राहिल्यावर त्या जराही न डगमगता मुलींना म्हणाल्या, "बघा, हेसुद्धा कलाकृतीचाच भाग आहेत. ही जिवंत कला."

मामांनी सगळं अदबीने ऐकून घेतलं. "बाई, म्या जित्ता हाय हे खरं. कला काय ते ह्या वायरमनला इचारा."

वायरमन म्हणजे मी. मी साउंडवाला आहे, वायरमन नाही, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. ते मान डोलवायचे, पटल्यासारखं दाखवायचे आणि लगेच म्हणायचे, "बरं, वायरमन."

कुरकुंभच्या कारखान्यात कामाला असलेला एक बिहारी पोरगा होता. त्याने एकदा हात लावला आणि समोर मामा.

"चाचा, ये आपकी आवाज़ है?"

"हां, मेरीच हाय. बुलाया क्या तुमने?"

"नहीं चाचा, ऐसे ही छू लिया।"

"तो फिर मत छूना. मेरे को उठना पडता हाय."

पोरगा समंजस निघाला. तेव्हापासून मेंढरांपाशी आला की तो दोन्ही हात पाठीमागे बांधायचा आणि मामांना मान लववून पुढे जायचा. आमच्या दौंडकरांना मात्र एवढी अक्कल सुचली नाही. म्हातारं उठतं कसं, हे बघायला म्हणून मुद्दाम हात लावणारेही होते. त्यांच्यासाठीसुद्धा मामा उठायचे. चिडायचे नाहीत, पण उठल्याशिवाय राहायचे नाहीत.

एकदा मामांचा मुलगा दुकानात आला. बाहेर मोटारसायकल चालूच ठेवून म्हणाला, "दादा, आबांला जरा सांगा की तुमी. पाय सुजल्यात, दुपारचं जेवन न्हाई, उठलं की बोगदा. वस्तीवर लोक हसत्यात वो."

मी मामांना समजवायला गेलो. "मामा, घरी नातवंडं सोडून इथे ह्या ओलीत काय बसता?"

"हाळी दिली का मानसानं तितं असावं. आमच्यात तसंच हाय."

"पण आता मेंढरं कुठे आहेत?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला लागले.

मग एका वर्षी पाऊस फार झाला. सगळीकडे पाणी, बोगद्याच्या भिंतींना ओल चढलेली, लोक वरूनच रूळ ओलांडायचे. दुपारी फुलवाली पाटी डोक्यावर घेऊन धावत दुकानात आली. "अवो, त्या म्हाताऱ्याला भाईर काढा आधी! येडं व्हईल ते!"

बोगद्याच्या पायऱ्यांवरच मला हाळी ऐकू आली. थांबली. पुन्हा उठली. पुन्हा. आत एकही माणूस नव्हता. ओल पितळी पट्टीपर्यंत पोचली होती आणि मशीनला वाटत होतं, कोणीतरी हात ठेवतंय. मामा घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. एक हात वर केलेला. "हाय! हितं हाय म्या! या, हिकडं या!" घसा पार बसला होता. मी जवळ गेलो, खांद्याला धरलं, तरी त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते पलीकडच्या तोंडाकडे बघत होते. तिकडून उताराने पाणी आत येत होतं.

मी मशीनची पेटी उघडली आणि वायर उपसून काढली. हाळी मधेच तुटली. मग नुसतं छताचं ठिबकणं.

"कोन हात लावत हुतं?" मामांनी विचारलं.

"कोणी नाही मामा. भिंतीला ओल आली."

"म्हंजी पान्यानं हात लावला म्हना की," ते म्हणाले. त्यांचे दात वाजत होते.

मी त्यांना दुकानात आणलं. कोरडा टॉवेल दिला, चहा मागवला. स्पीकरच्या खोक्यावर ते दोन्ही हातांत कप धरून बसले. मग आपणहून बोलायला लागले.

"कोकनातनं परतत हुतो. तवा माजं लगीन बी झालं नव्हतं. म्या म्होरं, धाकला भाऊ मागं. आमच्यात तसंच. एकानं म्होरं चालायचं, हाळी द्यायची आन् मागं बघायचं न्हाई. मागं बघितलं का मेंढरं थबकत्यात. दुसऱ्यानं मागनं चालायचं, लंगडं-दुखरं बघत. आपल्या नदीला उतार हुता, पायाचा घोटा भिजंल न भिजंल एवढं पानी. म्या ह्या काठाला आलो. वर कुठं पाऊस झाल्याला, पान्याचा रंग पालटला हुता. धाकल्यानं पलीकडं कळप धरून ठिवला. हात करून सांगत हुता, थांबू या म्हून. म्या म्हनलं, पानी यायच्या आत निगंल सगळं. आन् हाळी दिली."

मामांनी चहाचा घोट घेतला.

"त्यांनी काय करावं, वायरमन? हाळी दिली का ती येत्यातच. मधी आली आन् लोंढा आला. धाकला तसाच त्यांच्यामागं आत शिरला. आन् म्या? हाळी देऊन म्होरं चालायचं सोडून काठावर हुबा. निस्ता हुबा ऱ्हायलो."

"सापडला का?"

"मेंढरं घावली, काय काय. त्यो न्हाई."

बाकीची मेंढरं त्यांनी त्याच वर्षी विकून टाकली. हाळी पुन्हा कधी दिली नाही. आणि मग इतक्या वर्षांनी पुण्याच्या चित्रकारांतली एक मुलगी वस्तीवर आली, हातात माईक घेऊन.

"लोकांला दाखवायची हाळी आमची येगळी आसती," मामा म्हणाले. "चोर शिकून मेंढरं नेत्यात ना, म्हून. खरी कुनाला द्यायची न्हाई. तवा पोरीला बी म्या दाखवायचीच दिली. पोरगी गोड. म्हनली, आबा, असं नको, ही खोटी वाटती. डोळं मिटा. समजा, तुमची मेंढरं पलीकडच्या काठाला हायती."

त्यांनी कप खाली ठेवला.

"म्या डोळं मिटलं."

बाहेर रिक्षावाल्यांचा गलका चालू होता. मला उगाच स्टॅंडवरचा पंखा बंद करावासा वाटला, तो मी बंद केला.

"आता मला सांगा, म्या किती दिस येनार? पाय उचलंना. उद्या म्या गेलो आन् ही हाळी तशीच ऱ्हायली भिंतीत, तर ती मेंढरं येतच ऱ्हातील. आन् म्होरं कोनच नसंल. परत येकदा." त्यांनी माझा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. "म्या मरायच्या आत ती तितनं काढा. येवढं करा माझं."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. स्मशानातल्या शोकसभेलाही स्पीकर लावून दिलेत. पण ती वायर त्या दिवशी मी परत जोडली नाही, आणि सगळ्यांना सांगितलं की पाऊस थांबेपर्यंत मशीन बंद.

संध्याकाळी त्या मुलीला पुण्याला फोन लावला. ती आधी ऐकेच ना. म्हणाली, "अहो, अख्ख्या बोगद्यात तोच तर सगळ्यांत सुंदर आवाज आहे. लोक लांबून तो ऐकायला येतात." मग मी तिला नदीची हकिकत सांगितली.

"मी तसं म्हणाले होते?" तिने विचारलं. "पलीकडच्या काठाला?"

"हो."

"मला फक्त चांगलं रेकॉर्डिंग हवं होतं हो." ती रडायला लागली. तिचा तरी काय दोष? मामांनीही तिला कधी बोल लावला नाही. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. तिच्याकडे जिथे जिथे तो आवाज होता तिथून तिने पुसून टाकला होता. "आबांना सांगा," म्हणाली. आणखी काहीतरी सांगायचं होतं तिला, पण तिने फोन ठेवला.

दोन दिवसांनी मामा दुकानात आले. लग्नाच्या मंगलाष्टकांचा माईक त्यांच्यासमोर धरून मी दाखवायची हाळी रेकॉर्ड केली. ती ऐकून मला हसू आवरेना. कोंबड्या हाकलाव्यात तसला काहीतरी प्रकार होता. मामाही हसले. मी त्यांना मोठ्याने हसताना पहिल्यांदाच बघत होतो. "हिच्यामागं शेरडू बी यायचं न्हाई," ते म्हणाले. "झ्याक झाली."

मग बोगद्यात जाऊन मशीनमधला जुना आवाज मी त्यांच्यासमोर पुसला.

"पुसली?"

"पुसली."

"मंग गेली कुठं?"

"कुठेच नाही मामा. आता ती फक्त तुमच्यापाशी."

मामा चित्राकडे वळले. "पाऊस सरू द्या. नदीचं पानी उतरू द्या," ते म्हणाले. "मंग एक दिस तुमची गाडी काढा. येक काम ऱ्हायलंय."

त्यानंतर ते बोगद्यात बसायला आले नाहीत. आता ते नाहीतच. वस्तीवर, सकाळी सुनेने चहाला हाक मारली तेव्हा उठले नाहीत. दहाव्याला मी गेलो होतो. फुलवालीने शेवंतीची अख्खी पाटी माझ्याबरोबर पाठवली होती आणि तो बिहारी पोरगा सुट्टी टाकून माझ्या मागे गाडीवर बसून आला होता. बोगद्यात मेंढीला हात लावला की आता दाखवायची हाळी वाजते. पोरं खिदळतात आणि पुढे जातात. त्यांच्या समोर कोणी येऊन उभं राहत नाही. मशीन साफ करायला गेलो की मला तिथे करमत नाही. माणूस नको तितका आठवतो.

पण मला जे मामा दिसतात ते बोगद्यातले नव्हेत. नदीवरचे.

त्या पावसानंतरची थंडी नुकती पडायला लागली होती. सकाळी मी टेम्पो काढला, त्यांना वस्तीवरून घेतलं. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि खांद्यावर काठी होती. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही बाजूंना ऊस, मधून बैलगाडीची चाकोरी, ती संपते तिथे नदी. पाणी खाली गेलं होतं, उताराचे खडक उघडे पडले होते. पलीकडच्या काठावर कोणीतरी पाण्याची मोटार चालू करत होतं.

मामा पाण्यापर्यंत गेले. वहाणा काढल्या नाहीत. पलीकडे तोंड करून उभे राहिले, दोनदा घसा खाकरला. मग हाळी दिली.

एकदाच दिली. बोगद्यातल्यापेक्षा हा आवाज कितीतरी म्हातारा होता, वर जाताना मधे चिरकला. पण शेवटी वर त्याच जागी जाऊन थांबला. पलीकडच्या माणसाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. मामा पाण्याकडे बघत राहिले. काय बघत होते ते मला दिसत नव्हतं. पाणी आपलं सरळ वाहत होतं. पण एकदम त्यांचा चेहरा सैल पडला, ओठ हलले, आणि ते वळले. खांद्यावर काठी टाकली आणि वस्तीच्या दिशेने चालायला लागले. सावकाश, पण न थांबता. मागे बघितलं नाही.

वाट खडबडीत, त्यांचे पाय तसले. पडले तर धरावं म्हणून मी घाईघाईने त्यांच्या पाठोपाठ निघालो.

"मधी येऊ नका," ते पुढे बघतच म्हणाले.

मी थांबलो. त्यांना बरंच पुढे जाऊ दिलं. मग चांगलं अंतर ठेवून मागून चालायला लागलो. मामांनी तरीही मान वळवली नाही, नुसता आवाज आला.

"इतकं मागं बी नको, वायरमन. मागं धाकला हाय. तुमी बाजूनं चला."

मी वाट सोडली आणि उसाच्या कडेने चालू लागलो.